टिपणे कोणी काढावीत?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा येथे सत्कार झाला त्या मुलामुलींचे अभिनंदन करून मी सरळ विषयास हात घालतो. शालान्त परीक्षेस बसणाऱ्या ज्ञातीतील मुलांसाठी सामाजिक शास्त्रांची, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल यांची, तयार टिपणे मंडळाने छापून विनामूल्य वाटावीत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. तिच्यामागील कळकळ मी जाणतो. शिकवणीचे शुल्क ज्या घरास झेपत नाही, तेथे एवढा तरी आधार पोहोचेल, हे म्हणणे खोटे नाही. तथापि मंडळाचा पैसा या कामी खर्ची पडू नये, असे माझे मत असून ते सकारण मांडण्याची अनुज्ञा मी मागतो.

टिपण काढताना काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निवाडा पदोपदी करावा लागतो. अभ्यास घडतो तो या निवाड्यात. दुसऱ्याने केलेला निवाडा छापून हाती दिला, की मुलाच्या वाट्यास उरते ती केवळ घोकंपट्टी. मग ती गाईडातली असो वा भ्रमणध्वनीवर आलेली असो. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांस सुमारे ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांस ६१ टक्के. आपली मुले परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे वाचून “सर्व येते” असे म्हणतात, ते खोटे बोलत नाहीत. ते पाच मिनिटांनंतरचे सत्य असते!

आता प्रत्यक्ष विषयाकडे पाहू. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा आरंभच मुळी इतिहासलेखनाने होतो. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके ही नावे मुले जोड्या लावण्यापुरती पाठ करतात. रांकेचा आग्रह मूळ कागदपत्रांवर होता, हे वाक्य घोकण्याऐवजी घरातील जुने खरेदीखत वा आजोबांची शिधापत्रिका मुलापुढे ठेवावी आणि विचारावे : हा कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला, आणि तो काय सांगत नाही? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत आली की धड्याचा गाभा हाती आला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते याच दृष्टीपायी. आपल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते कपाटात पडून आहेत. चार मुलांनी ती चाळली तर वाळवीखेरीज आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

राज्यशास्त्राविषयी मला अधिक बोलावयाचे आहे, कारण याच विषयाची घरोघर सर्वांत हेळसांड होते. “मतदाराचे वय २१ वरून १८ झाले”, एवढी एक ओळ मूल टिपून ठेवते आणि पुढे जाते. ही एकसष्टावी घटनादुरुस्ती. संसदेने ती १९८८ मध्ये संमत केली आणि १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या तरुणांनी प्रथमच मत दिले. त्याच रात्री जेवताना आईस विचारावे, तू पहिले मत कोणत्या वर्षी दिलेस? आजीस विचारावे, तुला कितव्या वर्षी देता आले? दोन उत्तरांतील अंतर त्या ओळीखाली लिहिले की ती ओळ विसरली जात नाही. तसेच स्थानिक संस्थांत स्त्रियांस किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवणाऱ्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांचे, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराचे. ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत निवडून आलेली एखादी बाई बहुतेकांच्या नात्यागोत्यात वा शेजारी असतेच. तिला विचारलेल्या दोन प्रश्नांची सर कोणत्याही छापील टिपणास येणार नाही.

भूगोलाचे थोडक्यात सांगतो. दहावीस भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. येथे नकाशा हेच टिपण. दोन्ही देशांचे आराखडे हाताने काढून एकात कर्कवृत्त, दुसऱ्यात विषुववृत्त व मकरवृत्त ओढले, की हवामानाचा निम्मा धडा डोळ्यांसमोर उभा राहतो. ब्राझीलच्या ईशान्येकडील अंतर्भाग कोरडा का, हे महाबळेश्वरचा पाऊस पसरणीच्या घाटाखाली वाईस येईतो किती विरळ होतो हे पाहिलेल्या मुलास पर्जन्यछायेच्या एका शब्दात समजते.

परीक्षेच्या तयारीचा शेवटचा महिना नव्याने वाचण्याचा नव्हे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, घड्याळ लावावे आणि पुस्तक मिटून लिहावे. इतिहास-राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या उत्तरपत्रिकेस दोन तास मिळतात. “सकारण स्पष्ट करा” या प्रश्नात पानभर माहिती लिहून कारण मात्र न देणारी मुले गुण गमावतात, ती अज्ञानामुळे नव्हे, सवयीच्या अभावी. अडलेले प्रश्न वेगळ्या कागदावर उतरावेत आणि केवळ तेच पुन्हा वाचावेत.

तेव्हा माझी पर्यायी सूचना अशी. छपाईसाठी योजलेल्या रकमेतून मंडळाने जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच, काही चांगले नकाशासंग्रह आणि कोऱ्या वह्या घ्याव्यात. कार्यालयाचे सभागृह डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत सायंकाळी सात ते नऊ उघडे ठेवावे. तेथे शेजारच्या, अन्य ज्ञातींच्या मुलांनाही बसू द्यावे. घटनेतील समतेचा धडा ज्ञातीचे कुंपण घालून पाठ करणे मला तरी शोभत नाही. याविषयी काही सभासदांचे मत भिन्न आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी ते सभेत अवश्य मांडावे. देखरेखीसाठी निवृत्त शिक्षक हवेत. आठवड्यातील दोन दिवस मी देईन. उरलेल्या दिवसांसाठी नावे आजच, भोजनापूर्वी, चिटणीसांकडे नोंदवावीत.