धुराचा अलार्म कोणत्या तारेवर?



मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. तरी आज विजेविषयी बोलणार आहे, कारण मीटरजवळच्या पेटीत काय बसवायचे हे आपण सारे वायरमनवर सोपवून मोकळे होतो.

रात्री घराला आग लागली तर माणूस बहुधा ज्वाळांनी नव्हे, धुराने दगावतो. आणि गाढ झोपेत धुराचा वास जाग आणीलच असे नाही. म्हणून धुराचा अलार्म. इंग्लंडमध्ये १९९२ पासून नव्या घरांत तो घरच्या विजेवर जोडणे सक्तीचे झाले. पण कोणत्या सर्किटवर?

एम.सी.बी. ही वायर वाचवण्यासाठी असते. जादा प्रवाह वाहिला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पडते. आर.सी.सी.बी. माणसाला वाचवते, घरगुती आर.सी.सी.बी. साधारण ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडते. दोन्ही हव्यातच. परंतु वायर जळू लागली, एम.सी.बी. पडली, की त्याच तारेवरचा अलार्मही मुका होतो. नेमका गरजेच्या वेळी!

मग अलार्मला स्वतंत्र एम.सी.बी. द्यावी, असे कोणीही म्हणेल. पण ती पडल्याचे कळणार कसे? ब्रिटिश मानकाला स्वतंत्र सर्किट चालते, तसेच रोजच्या वापरातल्या दिव्यांचेही. मला दुसरेच शहाणपणाचे वाटते. दिवे गेले की घरातली आजीसुद्धा हाक मारते. शिवाय अलार्म इतकी थोडी वीज घेतो की त्याच्यामुळे सहा अँपिअरची एम.सी.बी. पडत नाही.

अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००२ मध्ये शयनगृहातील सर्व जोडण्यांना ठिणगी ओळखून वीज तोडणारा ब्रेकर लागू केला. त्यात अलार्मही आला. ब्रेकर पडल्यावर अलार्मचे काय, ही शंका तिथेही निघाली. उत्तर साधेच: अलार्मच्या पोटात बॅटरी.

आपल्याकडे वीज जाणे नवे नाही, तेव्हा बॅटरीशिवायचा अलार्म घेऊच नये. दुसरे, घरभर एकच आर.सी.सी.बी. असेल तर गीझरच्या गळतीने सारे घर अंधारते. दिव्यांची वेगळी ठेवायला खर्च येतो, पण तो करावा. जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणाऱ्यांनी तर अलार्मचा विचार नंतर करावा, आधी ती तार काढून घ्यावी.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. आर.सी.सी.बी.वर ‘टी’ अक्षराचे बटण असते. घरच्यांना सांगून, मोठ्यांसमोर ते दाबा. वीज गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.