बारीक रेघ, खोल सुई

भुवया रेखणारं मायक्रोब्लेडिंग किंवा मनगटावरची केसाएवढी नाजूक नक्षी पाहिली, की हे प्रकरण मेंदीच्या जवळचं वाटतं. पण रंग टिकायचा तर सुईला कातडीचा वरचा थर ओलांडून साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जावंच लागतं. उथळ राहिली तर रेघ लवकर विरते. खोल गेली तर रंग टीपकागदावरच्या शाईसारखा पसरतो आणि बारीक कामात तो झाकायला छटाही नसतात. शिवाय हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. म्हणजे नुसती कोरी सुई पुरत नाही. रंगाची वाटी, यंत्राची वायर, हातमोज्यानिशी उचललेला मोबाइलही हिशेबात धरावा लागतो.

वेल्सने 29 नोव्हेंबर 2024 पासून गोंदण्याला, भुवयांच्या कामासकट, परवाना सक्तीचा केला. त्यासाठी संसर्ग रोखण्याचं प्रशिक्षण लागतं. कलेला कसली परीक्षा, असं कुणी म्हणेल. पण तिथे तपासली जाते ती स्वच्छता, कला नव्हे. आपल्याकडची गोंदणकलाही घरातल्या जाणत्या बाईशेजारी बसूनच शिकली जाई; कागद नव्हता, उमेदवारी होती. परवान्याच्या खर्चाने काहीजण लपूनछपून काम करतील, ही भीती खरी. तरी गिऱ्हाइकाला निदान परवाना मागता येतो. माझी तक्रार वेगळीच आहे: परवान्याची ही पात्रता हात किती स्थिर आहे, हे पाहत नाही. दोन दिवसांच्या वर्गात कृत्रिम कातडीवर गिरवलेली रेघ जिवंत पापणीजवळ तशीच उतरत नाही.