पदाचा अपरिग्रह
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



संस्थेला ५० वर्षे पूर्ण होत असताना तिची वास्तू, तिचा निधी आणि तिचे दाते यांचे स्मरण होणे उचितच आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते कृतज्ञतेने केले. मी मात्र आज एका अशा लोकप्रतिनिधीविषयी बोलणार आहे, जे जन्माने जैन नव्हते. परंतु आपण ज्यास अपरिग्रह म्हणतो, त्याचे एक रूप ज्यांच्या सार्वजनिक जीवनात दिसले. ते म्हणजे सांगोल्याचे कै. गणपतराव देशमुख. आपल्या संस्थेचे जेवढे वय, जवळजवळ तेवढी वर्षे ते महाराष्ट्राच्या विधानसभेचे सदस्य होते.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा अवर्षणाचा तालुका. तेथून १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते प्रथम निवडून आले. १९७२ साली त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ साली ते अवघ्या १९२ मतांनी पराभूत झाले. १९९९ साली पुन्हा विजयी झाले. २०१४ साली त्याच मतदारसंघातून ते ११ व्या वेळी निवडून आले, तेव्हा त्यांच्या वयाची ८५ वर्षे केव्हाच उलटली होती. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्यांमागील वृत्ती अधिक महत्त्वाची वाटते. परिग्रह म्हणजे केवळ वस्तूंचा साठा नव्हे, तर वस्तूविषयीचे ममत्व, अशी आपल्या आचार्यांची शिकवण आहे. पद हीदेखील एक वस्तूच आहे. १९७७-७८ मध्ये गणपतराव विरोधी पक्षनेते होते. १९७८ साली आणि पुढे १९९९ साली त्यांना मंत्रिपद मिळाले. तथापि त्यांची ओळख राहिली ती एस. टी. बसने प्रवास करणारा आमदार अशीच. पद आले आणि गेले. राहणी बदलली नाही.

पक्षाच्या बाबतीतही हेच दिसते. १९४७ साली स्थापन झालेला शेतकरी कामगार पक्ष एके काळी राज्यातील प्रमुख विरोधी पक्ष होता. २०१४ साली २८८ सदस्यांच्या सभागृहात त्याचे केवळ ३ आमदार उरले. या दीर्घ काळात अनेकांनी सत्तेच्या सोयीने पक्ष बदलले. गणपतरावांनी ज्या पक्षातून पहिली निवडणूक लढविली, त्याच पक्षातून शेवटचीही लढविली.

बंधू-भगिनींनो, साधेपणा हे एकच भांडवल पुरेसे नसते. त्यांनी सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखविली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत त्यांनी दुष्काळी १३ तालुक्यांच्या पाणी परिषदेतून कृष्णेच्या पाण्याचा आग्रह धरला. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी येईपर्यंत दुष्काळी भागातील पिढ्या वाट पाहून थकल्या. एका प्रामाणिक माणसाने सर्व काही होत नाही. परंतु तो माणूस मागणी सोडत नाही, एवढा विश्वास लोकांना असला, तर लोकही मागणी सोडत नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. २०१९ साली वयोमानामुळे ते निवडणुकीस उभे राहिले नाहीत. उमेदवारी त्यांच्या नातवाकडे गेली. पद घराण्यातच का राहावे, असा प्रश्न येथे कोणी विचारला तर तो अयोग्य नाही. मतदारांनी त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. २०१९ साली त्यांनी त्या नातवास नाकारले आणि २०२४ साली दुसऱ्या नातवास, डॉ. बाबासाहेब देशमुख यांना, निवडून दिले. वारशाने उमेदवारी मिळू शकते, जागा मिळत नाही, हेच यातून सिद्ध झाले.

हा प्रश्न मी आजच्या मंगल प्रसंगी का काढला? आमदारास दर पाच वर्षांनी लोकांपुढे उभे राहावे लागते. धर्मसंस्थेच्या विश्वस्तासमोर अशी मतपेटी नसते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार आपले हिशेब तपासले जातात, धर्मादाय आयुक्तांकडे सादर होतात. परंतु मनातील ममत्वाची तपासणी कोणताही लेखापरीक्षक करीत नाही. वडिलांच्या जागी मुलगा, काकांच्या जागी पुतण्या, असे आपल्या समाजातील अनेक संस्थांत नकळत घडत गेले आहे. त्यामागे पुष्कळदा निष्ठाच असते, हे मी जाणतो. तरीही बाहेर उभ्या असलेल्या गुणी तरुणास, आणि विशेषतः आपल्या भगिनींना, दार बंदच राहते.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे; म्हणजे आपली मर्यादा आपणच आखून घ्यावयाची. धन, धान्य, वास्तू यांची मर्यादा आपण ठरवितो. संस्थेतील पदांचीही मर्यादा पुढील पन्नास वर्षांत आपण ठरवावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे. ज्यांना विरोधकांनीही मान दिला, त्यांची पुण्याई पदाच्या कालावधीत नव्हती. पद हातात असताना ते लोकांचेच आहे, या भानात होती.