संत थोमाला न्याय



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवशीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करितों. आपल्या देशांतील ख्रिस्ती धर्माची परंपरा ज्या प्रेषिताच्या नांवाशीं जोडिलेली आहे, त्या संत थोमाला आज न्याय देणें आम्हांस उचित वाटतें. ‘संशयी’ हें विशेषण त्याला असें चिकटलें आहे कीं, एका वेळच्या बोलण्यापुढें त्याचें सारें आयुष्य झांकून गेलें.

योहानाचें शुभवर्तमान उघडून पाहूं. यहुदियांत लोक प्रभूला दगडमार करण्यास टपले होते. म्हणून लाजराकडे जाण्याचा त्याचा निश्चय ऐकून शिष्य कचरले. तेव्हां आपणही जाऊन त्याच्याबरोबर मरूं, असें म्हणणारा थोमाच होता (११:१६). शेवटच्या भोजनाच्या रात्रीं, आम्हांस वाट कशी कळावी, असें त्यानेंच विचारिलें. आणि त्या प्रश्नामुळें मार्ग, सत्य व जीवन आपणच आहों, हें प्रभूच्या मुखांतून जगाला ऐकावयास मिळालें.

आतां पुनरुत्थानानंतरची गोष्ट. प्रभूनें इतरांना आपले हात व कूस आधींच दाखविली होती (२०:२०). थोमा तेव्हां तेथें नव्हता. स्त्रियांनीं आणिलेली वार्ता इतर प्रेषितांनाही प्रथम वायफळ वाटली, असें लूक सांगतो (२४:११). म्हणजे इतरांना जें मिळालें, तेवढेंच त्यानें मागितलें. शिवाय त्यानें जखमेंत बोट घातलें, असें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें कारावाज्जोसारख्या चित्रकारांनीं दाखविलें. शास्त्रांत आहे ती ख्रिस्त हाच आपला प्रभु व देव, ही त्याची कबुली. न पाहतां विश्वास ठेवणारे धन्य, अशी समज प्रभूनें त्याला दिली हें खरें. पण इतरांच्या विश्वासापेक्षां थोमाच्या संशयानेंच आपल्या श्रद्धेला अधिक साह्य केलें, असें महान पोप ग्रेगरी सहाव्या शतकांतच सांगून गेले.

परंपरेप्रमाणें इ. स. ५२ मध्यें थोमा मलबारास आला व मैलापूर येथें रक्तसाक्षी झाला. त्याच शतकांतील एका ग्रीक व्यापारी ग्रंथांत आपल्या पैठणचें, तेरचें आणि कल्याणचें नांव आहे. येथला माल भडोचच्या बंदरीं उतरून समुद्रापार जात असे. तो समुद्र ओलांडून मरणापर्यंत जाणाऱ्या मनुष्यास केवळ संशयी म्हणावें काय?

ह्यांत आपणांसाठींही एक बोध आहे. थोमानें विश्वास ठेवण्यास नकार दिला, तरी आठ दिवसांनीं तो त्याच घरांत, त्याच बंधूंमध्यें होता. कोणी त्याला बाहेर घातलें नाहीं, म्हणूनच प्रभूची व त्याची भेट झाली. आपला धर्मप्रांत १९७७ सालीं स्थापन झाला. त्याचें पुढील आयुष्य आजच्या तरुणांच्या हातीं आहे. त्यांच्यापैकीं कोणी प्रश्न विचारिला, तर त्याच्या कपाळीं शिक्का मारूं नये. त्याची जागा राखून ठेवावी. एका दिवसाच्या बोलण्यावरून कोणाचेंही आयुष्य मोजूं नये.

प्रतिवर्षीं ३ जुलै रोजीं ह्या प्रेषिताचा सण येतो. त्या दिवशीं त्याला ‘निष्ठावंत थोमा’ म्हणून स्मरूं या. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.