इंग्लंडचीं जुनीं ख्रिस्तमंदिरें आणि आपला ठेवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं मजकडे सोंपविलेला विषय प्रथमदर्शनीं डहाणू-तलासरीच्या मातीपासून फार दूरचा वाटेल. इंग्लंडांतील जुनीं ख्रिस्तमंदिरें व वस्तुसंग्रहालयें कोठें, आणि चिकूच्या वाड्यांत, मासळीच्या बंदरांत व वारल्यांच्या पाड्यांत राहणारे आपण कोठें, असें कोणीहि म्हणेल. परंतु काळ पालटला आहे. आपल्या भागांतील मुलें-मुली आज शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं जाऊं लागलीं आहेत, आणि त्यांचे आईबाप सुटींत त्यांना भेटण्यास विमानानें जातात. अशा दोन आठवड्यांच्या सुटींत काय पाहावें, तें कसें पाहावें, आणि तें पाहून घरीं काय घेऊन यावें, ह्याविषयीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. जुनी गोष्ट टिकते ती दोन रीतींनीं. कोणी ती पेटींत जपून ठेवतो, म्हणून ती टिकते. आणि कोणी ती नित्य वापरतो, म्हणूनहि ती टिकते. संग्रहालय पहिली रीत शिकवितें, मंदिर दुसरी. ह्या दोहोंपैकीं एकहि ज्या समाजास साधली नाहीं, त्याचा ठेवा दोन पिढ्यांत नाहींसा होतो.

प्रथम विल्टशायर परगण्याकडे वळूं. लंडनहून आगगाडीनें सुमारें दीड तासांत सॉल्सबरी येतें. तेथील महामंदिराचा पाया १२२० सालीं घातला गेला. त्याचें शिखर ४०४ फूट उंच असून सबंध इंग्लंडांत त्याहून उंच मंदिरशिखर नाहीं. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा ह्या प्रसिद्ध सनदेच्या ज्या चार प्रती आज उरल्या आहेत, त्यांपैकीं एक येथेंच पाहावयास मिळते. परंतु सनदेपाशींच थांबूं नये. मंदिरांत सुमारें १३८६ सालचें एक लोखंडी घड्याळ आहे. त्यास तबकडी नाहीं कीं कांटे नाहींत. टोल देऊन लोकांस वेळ कळवावी, एवढ्याचसाठीं तें घडविलेलें.

आपण मराठी ख्रिस्ती लोकांनीं ह्या परगण्यांत आणखी एका कारणासाठीं रेंगाळावें. येथील बुश्टन नांवाच्या खेड्यांत सुमारें १५४९ सालीं थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यांत कॅथलिक मिस्सेस कायद्यानें बंदी होती. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून जहाजांत बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्यानंतर १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं मायदेशाचें तोंड पाहिलें नाहीं. येथील भाषा मात्र त्यांनीं अशी आत्मसात् केली कीं, सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण त्यांनीं मराठींत रचिलें, आणि तें १६१६ सालीं गोव्यांतील रायतूर येथें छापलें गेलें. ज्या देशांत त्यांना वेदीपुढें उघडपणें उभें राहतां आलें नसतें, त्या देशाचा हा पुत्र आपल्या भाषेंत प्रभूचें चरित्र गाऊन गेला. ह्या ग्रंथाकडे आपण पुन्हां येऊं.

सॉल्सबरीहून कँटरबरीस जावें. २९ डिसेंबर ११७० रोजीं राजाच्या सरदारांनीं मुख्य धर्माध्यक्ष संत थॉमस बेकेट ह्यांचा ह्याच मंदिरांत वध केला. पुढें साडेतीनशेंहून अधिक वर्षें यात्रेकरूंची रीघ ह्या नगरीकडे लागली होती. १५३८ सालीं आठव्या हेन्रीच्या आज्ञेनें संतांची समाधि फोडण्यांत आली. ती जेथें होती तेथें आज मोकळी फरशी आहे आणि तिच्यावर एक मेणबत्ती तेवत असते. पाहण्यासारखें म्हणावें असें तेथें कांहीं नाहीं, तरीहि सर्व मंदिरांत मन सर्वांत अधिक तेथेंच गुंतते. नाहींशी झालेली वस्तुसुद्धां केवळ रोजच्या एका ज्योतीनें जिवंत ठेवतां येते, हें त्या फरशीपाशीं कळतें. २९ मे १९८२ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल आणि अँग्लिकन सभेचे मुख्य धर्माध्यक्ष रॉबर्ट रन्सी ह्यांनीं ह्याच मंदिरांत, संतांचें रक्त सांडलें त्या ठिकाणीं, एकत्र गुडघे टेकून प्रार्थना केली.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. सॉल्सबरी व कँटरबरी हीं मंदिरें आज अँग्लिकन सभेकडे आहेत. तेथें आदरानें बसावें, प्रार्थना करावी. परंतु रविवारच्या मिस्सेसाठीं कॅथलिक मंदिर शोधावें. लंडनांत राहणाऱ्यांस वेस्टमिन्स्टरचें कॅथलिक महामंदिर सोयीचें आहे. तें १९०३ सालीं उपासनेसाठीं खुलें झालें. वेस्टमिन्स्टर ॲबी हें त्याच भागांतील निराळें व फार जुनें मंदिर. नांवाच्या सारखेपणामुळें नवख्याची गफलत होते.

ज्यांना आणखी एक दिवस काढतां येईल त्यांनीं नॉरफोक परगण्यांतील वॉल्सिंगम येथें पवित्र मरियामातेच्या दर्शनास जावें. तेथील जुनें तीर्थस्थानहि १५३८ सालींच उध्वस्त झालें. मात्र गांवापासून मैलभर अलीकडे यात्रेकरूंचें एक छोटें देऊळ वांचलें. पादत्राणें येथें काढून उरलेली वाट अनवाणी चालण्याचा परिपाठ होता, असें सांगतात. म्हणूनच त्यास पादत्राणांचें देऊळ म्हणतात. तीन शतकांहून अधिक काळ तें परक्या कामास लागलें होतें. पुढें शार्लट बॉइड नांवाच्या एका श्रद्धाळू स्त्रीनें तें विकत घेऊन पुन्हां उपासनेच्या कामीं यावें अशी व्यवस्था केली. १९३४ पासून तें इंग्लंडच्या कॅथलिकांचें राष्ट्रीय तीर्थस्थान आहे. आपल्या एखाद्या पाड्यावरच्या आजीबाईस तेथें नेलें, तर चपला दाराशीं काढावयास तिला कोणी सांगावें लागणार नाहीं.

आतां संग्रहालयांकडे वळूं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत मिरवणुकीच्या वेळीं धर्मगुरूंनीं खांद्यांवरून पांघरावयाचा एक झगा आहे. त्यास सायन कोप म्हणतात. चौदाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कारागिरांनीं रेशमानें व सोन्यारुप्याच्या धाग्यांनीं त्याच्यावर प्रभूचीं, मरियामातेचीं व प्रेषितांचीं चित्रें भरलीं. त्याची कथा मोठी हृदयंगम आहे. सायन येथील ब्रिजिटाईन भगिनींचा मठ बंद पाडण्यांत आला, तेव्हां त्या परदेशीं गेल्या. ठिकठिकाणीं भटकत १५९४ सालीं त्या लिस्बनला पोंचल्या, आणि तेथें दोन शतकांहून अधिक काळ त्यांचा मठ नांदला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्यापैकीं कांहीं भगिनी मायदेशीं परतल्या, तेव्हां हा झगाहि परत आला. १८६४ सालीं संग्रहालयानें तो विकत घेतला. कांचेच्या कपाटासमोर उभें राहून सोन्याचा धागा तर पाहावाच. परंतु निर्वासित होऊन फिरतांना आपल्या गांठोड्यांत हें ओझें वाहणाऱ्या त्या भगिनींचे हातहि मनानें पाहावे.

ह्याच लंडन शहरांत, विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयांत, आपल्या दृष्टीनें सर्वांहून मोलाची वस्तु आहे. ती म्हणजे ख्रिस्तपुराणाचें देवनागरी लिपींतील हस्तलिखित. फादर स्टीफन्स ह्यांचा ग्रंथ रोमन लिपींत १६१६, १६४९ व १६५४ असा तीन वेळां छापला गेला; पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. यंत्रावर छापलेलें सारें नष्ट झालें. मग ग्रंथ वांचला कसा? तो लोकांनीं वांचविला. गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकला केल्या, आणि घरोघर तो वाचला व गाइला. अशाच नकलांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें त्याची आवृत्ति निघाली. लंडनचें हस्तलिखित मार्सडेन नांवाच्या विद्वानाच्या संग्रहांतून आलें, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन ॲबट ह्या अमेरिकन मराठीप्रेमी पंडितानें तें अभ्यासकांच्या नजरेस आणलें. पुढें १९५६ सालीं पुण्यास आणि १९९६ सालीं मुंबईस हें पुराण देवनागरींत छापलें गेलें. पाहा, दोन्ही रीति येथें एकत्र आल्या. मंगळूरकडच्या घरांनीं गाऊन जपलें, लंडनच्या ग्रंथालयानें कपाटांत जपलें. आणि दोहोंमुळें आज तें आपल्या हातीं आहे.

परंतु एवढ्यासाठीं इंग्लंडलाच जावें लागतें असें नाहीं. ज्यांना विमानाचें भाडें परवडत नाहीं त्यांनीं डहाणूस लोकलगाडीत बसून वसईची वाट धरावी. डहाणू, तारापूर व वसई येथें पोर्तुगीजांचे किल्ले होते. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं तारापूर घेतलें आणि मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई सर केली. वसईच्या किल्ल्यांत आज मंदिरांच्या उघड्या भिंती उभ्या आहेत, आणि छप्पर नसलेल्या फरशीवर थडग्यांचे कोरीव दगड उन्हापावसांत झिजत आहेत. ह्याच वसईंत सोळाव्या शतकांत संत गोन्सालो गार्सिया जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर त्यांनीं प्राण दिला, आणि १८६२ सालीं त्यांची संतपदीं स्थापना झाली. त्या किल्ल्यांतील कित्येक घंटा विजयी सैन्याबरोबर देशावर गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर आणि वाईजवळील मेणवली येथें वसईच्या घंटा आजहि टांगलेल्या आहेत. त्याबद्दल मनांत कडवटपणा धरूं नये. गोळे ओतण्यासाठीं वितळविलेली घंटा कायमची मुकी होते. देवळांत टांगलेली घंटा निदान वाजत राहते, आणि जो तिच्यावरील अक्षरें वाचील त्यास आपली हकीकत सांगते.

गोव्यास जाणारांनीं बासिलिकेंत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन घ्यावेंच. पण जवळच सांता मोनिका मठांतील ख्रिस्ती कलेचें संग्रहालयहि चुकवूं नये. मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयांत फादर हेरास ह्यांनीं १९२६ सालीं स्थापिलेली इतिहाससंशोधन संस्था आहे. तिचा संग्रह आपल्या विद्यार्थ्यांनीं पाहावा.

बंधुभगिनींनो, आतां आपल्या घरीं येऊं. आपल्यांपैकीं पुष्कळांस वाटतें कीं आपलें मंदिर नवें, आपली श्रद्धा चार पिढ्यांची, मग आपल्याजवळ जुनें तें काय असणार? पण आपल्या शेजारीं वारल्यांच्या घरांत काय चालतें तें पाहा. लग्नाच्या वेळीं सुवासिनी तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक काढतात. तो चौक कोणी जपून ठेवीत नाहीं. पावसाळ्यांत तो धुपतो, भिंत पुन्हां सारवली जाते, पुढच्या लग्नांत तो पुन्हां निघतो. अशा रीतीनें तो पिढ्यान् पिढ्या टिकला. मग डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे ह्यांनीं ती कला कागदावर व कापडावर उतरविली. २००३ सालीं तीं चित्रें इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग ह्यांच्या कृतींसमवेत जर्मनींतील डुसेलडॉर्फच्या कलासंग्रहालयांत मांडलीं गेलीं. २०११ सालीं म्हसे ह्यांस पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते निवर्तले. ज्यांच्या मातीच्या भिंतींनीं युरोपचें संग्रहालय गांठलें, त्यांच्या शेजाऱ्यांनीं आपल्याजवळ कांहीं नाहीं असें म्हणूं नये.

आपल्याजवळ बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आहेत. एखाद्या पाड्याचें नांव ज्या पानावर प्रथम आलें, तें पान आपली मॅग्ना कार्टा होय. ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. आजा-पणजाचा पुरावा मागितला म्हणजे कागदावांचून गरिबाची कशी वणवण होते, हें आपणांस सांगावयास नको. समुद्राची खारी हवा, पावसाळ्याची ओल आणि वाळवी ह्या तिघी कोणाच्या महोत्सवाची वाट पाहत नाहींत. म्हणून ह्या वह्यांच्या पानापानाचें छायाचित्र घेऊन त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. जुने झगे, कटोरे, पहिल्या शाळेच्या पाट्या, जुनीं छायाचित्रें ह्यांची यादी करावी, आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागें त्यांतील माणसांचीं नांवें, तीं सांगणारे अद्याप आपल्यांत आहेत तोंच, पेन्सिलीनें लिहावीं. ही पहिली रीत झाली.

दुसरी रीत ह्याहून सोपी आणि ह्याहून कठीण. म्हाताऱ्या माणसांस पाठ असलेलीं गाणीं व प्रार्थना, विशेषतः वारली बोलींतल्या, त्यांच्या तोंडून मुलांनीं शिकाव्या आणि मंदिरांत गाव्या. ध्वनिमुद्रणानें आवाज उरतो; गाण्याचें गाणेंपण मात्र गाणाराच्या कंठांतच उरतें.

इंग्लंडला जाल तेव्हां कँटरबरीच्या त्या मोकळ्या फरशीपाशीं आपल्या धर्मग्रामासाठीं एक प्रार्थना अवश्य करा. आणि परत आल्यावर, तेथें काय पाहिलें हें सांगण्याआधीं, आपल्या घरांतील सर्वांत वडील माणसापाशीं बसून त्याचें ऐका व लिहून घ्या. परमेश्वर आपल्या धर्मग्रामास पुढील महोत्सव दाखवो, आणि त्या दिवशीं जमणाऱ्या आपल्या नातवंडांना आपण जपलेलें कांहीं तरी हातांत घेतां येवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.