प्रवाळांसाठी दिवा निवडताना

पोवळे आपल्या ओळखीचे असते ते अंगठीतले. गंमत अशी, की ते तांबडे पोवळे समुद्राच्या खोल, अंधाऱ्या भागात वाढते. त्याला उजेड लागतच नाही. उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यात खडक बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट मात्र अगदी निराळी. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. भाडेकरूनेच घरमालकाला पोसावे, तसा हा संसार. उजेड तुटला की शैवाल दुबळे होते आणि त्याच्यामागून प्रवाळही.

असे प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत वाढवण्याचा छंद अमेरिकेत आणि जर्मनीत चांगलाच रुजलेला आहे. आपल्याकडे मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. पण खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा त्यांना हात लावणे हा गुन्हा ठरतो. म्हणून पुढची माहिती मुख्यतः परदेशी राहून, तिथला कायदा पाळून हा छंद करणाऱ्या वाचकांच्या उपयोगाची. इतरांनी ती कुतूहल म्हणून वाचावी.

टाकीवरचा हा सूर्य म्हणजे पुष्कळ वर्षे मेटल हॅलाइडचा दिवा होता. साध्या बल्बसारखी तार यात तापत नाही. क्वार्ट्झच्या लहानशा नळीत पारा आणि काही धातूंचे क्षार असतात; त्यांच्या वाफेतून वीज गेली की प्रखर उजेड पडतो. हा उजेड एका बिंदूतून येतो, त्यामुळे पाण्याच्या हालचालीबरोबर टाकीच्या तळाशी उन्हाची जाळी नाचावी तशी नाचते. पाहणारा इथेच भुलतो आणि दुकानात जाऊन रंगावरून बल्ब उचलतो.

आधी पाहावी टाकीची खोली. दीड फुटापर्यंतच्या टाकीला १५० किंवा १७५ वॉटचा दिवा सहसा पुरतो. दोन फुटांना २५० वॉट, आणि अडीच फुटांच्या पुढे ४०० वॉट. साधारण दोन फूट लांबीला एक दिवा धरावा. मऊ प्रवाळ पाळायचे असतील तर याहून कमी उजेडातही भागते. फांद्याफांद्यांचे कठीण प्रवाळ मात्र उजेडाचे भुकेले असतात.

मग रंग. तो केल्विनमध्ये सांगतात. ६,५०० केल्विनचा दिवा पिवळसर पांढरा, १०,००० चा लख्ख पांढरा, १४,००० चा निळसर, आणि २०,००० चा गर्द निळा. निळ्या उजेडात प्रवाळांचे रंग खुलतात, हे खरे. पण एकाच वॉटचे दोन दिवे घेतले, तर जास्त निळ्याकडून शैवालाच्या उपयोगाचा एकूण उजेड बहुधा कमीच मिळतो. शोभा आणि अन्न यांचा मेळ घालायचा, तर १०,००० ते १४,००० च्या दरम्यान थांबणे शहाणपणाचे.

आता खरी मेख. बल्ब सगळेच निवडतात. बॅलास्टकडे कोणी पाहत नाही. बॅलास्ट म्हणजे काय? आपल्या ट्यूबलाइटच्या पट्टीतला चोक आठवा, त्याचाच हा थोरला भाऊ. वाफेतून वीज एकदा वाहू लागली की उताराला लागलेल्या गाडीसारखी ती वाढतच जाते. तिला आवर घालतो तो बॅलास्ट. म्हणजे बल्ब किती उजेड देणार, कोणत्या रंगाचा देणार आणि किती दिवस टिकणार, हे बरेचसे बॅलास्टच ठरवतो.

अमेरिकेतले पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक संजय जोशी यांनी अनेक बल्ब निरनिराळ्या बॅलास्टवर लावून मोजमापे घेतली. तोच बल्ब, पण बॅलास्ट बदलला की उजेड बदलतो आणि वीजही कमीजास्त खर्च होते, हे त्यांतून स्वच्छ दिसले. तिथे २५० वॉटसाठी एम ५८ आणि एम ८० असे दोन प्रकारचे चुंबकी बॅलास्ट मिळतात. एम ८० बल्बला अधिक जोराने चालवतो. उजेड वाढतो, बिलही वाढते. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट हलका असतो, गुणगुणत नाही आणि कमी तापतो. पण एखादा बल्ब त्यावर नीट पेटतच नाही. तेव्हा दोघांची पत्रिका जुळते का, हे पैसे देण्याआधी पाहावे. अमेरिकेतला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा चुंबकी बॅलास्ट २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच्या देशात नेऊन लावू नये, हेही ओघाने आलेच.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. २५० वॉटचा दिवा बॅलास्टसकट २८० वॉट ओढतो असे धरा. रोज दहा तास लावला, तर महिन्याला ८४ युनिटे. शिवाय पाणी तापते, ते निववायला पंखा किंवा शीतक हवा.

दोन टोकांच्या बल्बला बाहेरचे काचेचे आवरण नसते. त्याच्यापुढे अतिनील किरण अडवणारी काच असलीच पाहिजे. नाहीतर प्रवाळ भाजतात आणि माणसाच्या डोळ्यांनाही अपाय होतो. पेटताना काही हजार व्होल्टचा झटका बसतो, म्हणून हात घालण्यापूर्वी वीज तोडावी.

साधारण वर्षाने बल्ब बदलावा. तो पेटत असतो, पण त्याचा कस गेलेला असतो. नवा बल्ब लावला की काही दिवस तो उंच टांगावा किंवा कमी तास लावावा. मंद उजेडाला सरावलेला प्रवाळ एकदम प्रखर उजेडात आला, तर शैवाल टाकून देतो आणि पांढरा पडतो. पुष्कळदा तो त्यातून उठत नाही.

गेल्या काही वर्षांत एलईडीने या दिव्यांची जागा बरीचशी घेतली आहे. मेटल हॅलाइडचे बल्ब पूर्वीइतके सहज मिळत नाहीत. म्हणून दुकानदाराला शेवटचा प्रश्न हा विचारा, की पुढच्या वर्षी याच बॅलास्टला जुळणारा बल्ब मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो दिवा कितीही सुंदर दिसो, घेऊ नका. टाकीतल्या जिवाला तो रोज लागणार आहे.