वाकड्या रेषेचं ऋण



दोन शब्द बोल म्हणालात. फळ्यावर चित्र काढ म्हणाला असतात तर सोपं गेलं असतं.

आपलं कोल्हापूर म्हणजे कलापूर. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं ऐकतच आपण वाढलो. त्यामुळं चित्र म्हणजे हुबेहूब, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. आठवीत असताना शाळेच्या कपाटातलं ‘बटाट्याची चाळ’ हाती आलं. पुलंचा मजकूर राहिला बाजूला, मी वसंत सरवट्यांची चित्रंच बघत बसलो. नाकं, पोटं, धोतरं, सगळंच प्रमाणाबाहेर. ‘ही काय चित्रं झाली?’ असं म्हणत मी पानं उलटी-सुलटी चाळत होतो. आणि हळूहळू वाटायला लागलं, ही माणसं आपण उचगावातच कुठंतरी पाहिलीत!

मग माझ्या वहीची मागची पानं भरू लागली. सर फळ्याकडं वळले की वही बाकांखालून फिरायची, तुम्ही तोंड दाबून हसायचात. एका दुपारी मी आपल्यातल्याच एकाचं चालणं काढलं. त्याचा एक पाय लहानपणापासून अधू. सगळा वर्ग हसला. तो हसला नाही. त्यानं वही माझ्या बाकावर आणून ठेवली आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

पुढं मी शिरोली एमआयडीसीत ड्राफ्ट्समन झालो. दिवसभर पट्टीनं सरळ रेषा, रात्री घरी वाकड्या. तेव्हा कळलं की सरवटे आपल्या कोल्हापुरातच जन्मले, १९२७ साली. तेही इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी करून चित्रं काढणारे. जुन्या बाजारात ‘ललित’चे दिवाळी अंक मिळाले. त्यांच्या मुखपृष्ठांवर त्यांनी भल्याभल्या साहित्यिकांची फिरकी घेतलेली. जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला रूप दिलं तेही त्यांनीच.

ती मुखपृष्ठं बघताना माझी चूक मला दिसली. सरवटे माणसाचा रुबाब काढायचे, त्याचा आव काढायचे, म्हणजे जे माणूस स्वतः अंगावर चढवतो ते. मी मात्र मित्राला जन्मानं मिळालेलं काढलं होतं. त्यांची वाकडी रेषा मी उचलली, नजर घ्यायची राहून गेली.

या स्मरणिकेसाठी मी आपल्या वर्गाचं चित्र काढलंय. त्यात सगळ्यात हास्यास्पद ध्यान मीच आहे, बाकाखाली वही लपवणारा. छापायला देण्याआधी ते घेऊन मी त्या मित्राच्या घरी गेलो. माफी मागायला एवढी वर्षं लागली. तो बराच वेळ चित्र बघत बसला. मग म्हणाला, “माझी मिशी एवढी जाड हाय व्हय रं?”

“हाय की,” मी म्हणालो.

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. मग तोही हसला.

ही गोष्ट मेळाव्यात सांगू का, असं मी त्याला विचारलं. “सांग की. पण नाव घेऊ नको, मिशीवरनं वळखू देत.”

तेव्हा मंडळी, शोधा.